अल्पकालीन उषाकाकू

माझी फजिती ऐकायची असेल तर जरा जवळ सरकून बसा, कारण मी हळू बोलते. किती हळू? वर्गात हजेरीला मी “हजर” म्हणते आणि मॅडम माझ्या शेजारणीला विचारतात, “ती आली नाही का गं आज?”

मॅडम असंही सांगतात की बोलायला उभं राहिलं की सगळ्यात आधी आपलं नाव सांगावं. बरोबर आहे. सांगतेच. पण त्याआधी उषाकाकूंच्या दाराचं सांगून घेते, नाहीतर ते राहून जाईल.

आम्ही भोसरीत राहतो. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आक्कांच्या खोल्या आहेत. एका रांगेत खोल्या, समोर लांबलचक पॅसेज. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण, जुन्या गावठाणातल्या. जिथे आता आमची मोरी आहे तिथे पूर्वी त्यांची ज्वारी होती, हे त्या दर उन्हाळ्यात सांगतात. दिवसभर फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, “कोन हाय?” उत्तर ऐकतात की नाही, ते मात्र कधी कळत नाही.

मला त्या ‘मनीषा’ म्हणतात. मी मनीषा नाही. आमच्या खोलीत आमच्याआधी जे बिऱ्हाड होतं, त्यांच्या मुलीचं नाव मनीषा. आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी आक्का म्हणाल्या, “ये गं मनीषा,” आणि मला वाटलं, उद्या सांगू. उद्या वाटलं, परवा सांगू. आता मी नववीत आहे. इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने सांगणार?

तर झालं काय, आमच्या भागातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं, त्यात भाषणस्पर्धाही होती. मॅडमनी मला स्टाफरूमच्या दारात गाठलं.

“यंदा तू बोलायचंस.”

“मी?”

“बघ, हे सुद्धा मला ऐकू आलं नाही. म्हणून तूच. विषय आहे, माणूस गोष्टी लक्षात कशा ठेवतो. आणि कागद मिळणार नाही हं. स्मृतीवर बोलायचं आणि कागदात बघून? लोक काय म्हणतील!”

खरं सांगू? भीती वाटली, पण विषय माझ्या आवडीचा होता. हा प्रश्न मला फार दिवसांपासून पडलेला आहे. माझे बाबा चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला आहेत. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आहे, त्याचा लांबलचक पार्ट नंबर काय, सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारा. पण आईने सांगितलेली कोथिंबीर? कंपनीच्या बसमधून उतरून मंडईसमोरून चालत येतात, आणि नाही आठवत! आई म्हणते, “कोथिंबिरीलाच एक पार्ट नंबर द्यायला पाहिजे.”

असं का होत असेल? डोकं तर एकच आहे. मग नंबर राहतो आणि कोथिंबीर कुठे जाते?

मी वाचत गेले आणि मला फार मजा वाटायला लागली. डोळे, कान, नाक सतत काहीतरी आत पाठवत असतात. ते सगळं क्षणभर येतं आणि बहुतेक लगेच पुसलं जातं. ज्याच्याकडे आपण लक्ष देतो तेवढंच पुढे सरकतं, ती अल्पकालीन स्मृती. तिथे जागा अगदी थोडी, चार गोष्टी मावल्या तर मावल्या. त्यातलं जे पुन्हा पुन्हा घोळवलं, कशाला तरी जोडलं, आणि ज्यावर नीट झोप काढली, ते दीर्घकालीन स्मृतीत जातं. आणि जे कधी वापरलंच नाही त्याची वाट हळूहळू बुजते. आहे की नाही गंमत? आपल्या डोक्यात चाललेलं असतं आणि आपल्यालाच पत्ता नसतो!

पण हे कळणं वेगळं आणि माणसांसमोर बोलणं वेगळं. आरशासमोर उभी राहिले तरी तिसऱ्या वाक्याला मी आरशातल्या मुलीला घाबरायचे.

मॅडमनी युक्ती सांगितली. ओळखीच्या जागेतून मनातल्या मनात चालत जायचं आणि ठरावीक ठिकाणी एकेक मुद्दा ठेवून द्यायचा. बोलताना पुन्हा तीच वाट चालायची, मुद्दे आपोआप सापडतात.

माझी ओळखीची जागा कोणती असणार? आमचा पॅसेज!

फाटकाशी आक्का. सगळं जग त्यांच्यासमोरून जातं, पण थांबत काही नाही. तिथे मी डोळे-कान ठेवले. मग उषाकाकूंचं दार. काकू बीडकडच्या. कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या मुलांना डबे देतात. तव्यावरची पोळी तव्यावर राहतच नाही, लगेच डब्यात जाते आणि डबा बाहेर जातो. तव्यावर एका वेळी मावतंही थोडंच. अल्पकालीन स्मृती, दुसरं काय! त्यांच्या दाराला लाल-हिरव्या मण्यांचं तोरण होतं, त्या तोरणालाच मी तो मुद्दा अडकवला. पुढे कदमकाका. ते कायम थर्ड शिफ्टला, म्हणून दिवसभर घोरतात. तिथे झोप, म्हणजे पक्कं करणं. मग आमचं घर, ते दीर्घकालीन. आणि शेवटी पाण्याची टाकी, जिच्यामागे सगळ्यांचा मोडका पसारा पडलेला असतो. तिथे विसरणं.

जमलं की नाही छान? मलाही तसंच वाटलं.

सरावासाठी मी दुपारची वेळ निवडली. पॅसेज रिकामा, उन्हात वाळत घातलेल्या गाद्या आणि मी. डोळे मिटून एकेका दारासमोर उभी राहायचे आणि पुटपुटायचे. आता हे माझं पुटपुटणं दाराच्या आतून कसं ऐकू येत असेल, याचा विचार मी केला होता का? नाही. आजवर माझं बोलणं कुणाला ऐकू आलं होतं, म्हणून करणार!

उषाकाकूंच्या दारासमोर मी म्हणत होते, “उषाकाकू. अल्पकालीन. इथे काही टिकत नाही. आलं की गेलं…”

दार उघडलं. काकू हातात लाटणं घेऊन उभ्या.

“काय बडबडायलीस गं पोरी माझ्या दारात?”

“काही नाही काकू.”

“अल्पकालीन काय म्हणलीस?”

आता एक वाक्य बोलायचं होतं. ‘काकू, मी भाषणाची तयारी करतेय.’ बस! पण ते सोडून मी म्हटलं, “ते… ते ठरलंय आधीच,” आणि पळाले.

पळाले आणि कुठे थांबले? कदमकाकांच्या खिडकीखाली! तिथे धापा टाकत पुढचा मुद्दा घोकला, “कदमकाका… झोप. पक्कं झालं की आमचं घर, ते कायमचं. आणि वापरात नाही ते काढून टाकायचं.”

आतलं घोरणं थांबलं. माझ्या लक्षात आलं नाही.

तुम्ही कधी भाड्याने राहिला असाल तर तुम्हाला आत्तापर्यंत घाम फुटला असेल. त्यातून आदल्याच आठवड्यात टेप घेऊन दोन माणसं आली होती आणि पॅसेजची लांबी-रुंदी मोजून गेली होती. आमच्याकडे कुणी टेप काढली की लोक सामान मोजायला लागतात. कारण आज खोल्या, उद्या बिल्डर, परवा सात मजले. काकूंनी टेप, मी आणि ‘ठरलंय आधीच’ यांची बेरीज केली. आक्कांचं लाइट बिल वाचून दाखवायला मी जाते, म्हणजे आतल्या गोटातली मी!

संध्याकाळी बाबा कंपनीतून आले. कदमकाका पॅसेजमध्ये उभे. दिवसाउजेडी कदमकाका जागे, हीच मोठी बातमी होती.

“काय राव, तुमचं पक्कं झालं म्हणे?”

बाबांना वाटलं, कंपनीतलं विचारतायत. आमच्या पट्ट्यात ‘पक्कं झालं’ म्हणजे एकच. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस परमनंट झाला!

“हो की! गेल्या दिवाळीतच झालं.”

“दिवाळीत? आणि आम्हाला आत्ता कळतंय?”

“अहो, पेढे दिले होते ना तुम्हाला!”

“ते ह्याचे होते? मी दोन खाल्ले हो!”

“मग? गोड लागले नाहीत?”

“आमचं कसं व्हायचं, भाऊ?”

“वरच्यांना धरून राहा. काम चोख ठेवा. होईल तुमचंही.” बाबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि मोठ्या समाधानाने आत आले. मी आतून सगळं ऐकत होते. मला त्यात काही खटकलं का? अजिबात नाही! मी टाकीपाशी होते, म्हणजे मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवसापासून घराघरातून वाट्या यायला लागल्या. काकूंनी गरम धपाटे आणि दही पाठवलं. निरोप होता, “पोरीला म्हणावं, काकूकडं लक्ष असू दे.” आई म्हणाली, “किती माया आहे बघ, तुझ्या भाषणाची काळजी सगळ्यांना!” कदमकाकांनी सुट्टीच्या दिवशी आक्कांच्या खुर्चीचा मोडका पाय दुरुस्त करून दिला. वरच्यांना धरून राहायचं होतं ना! आक्का चकित. “ह्याला काय झालं? झोप लागंना का?”

आणि प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी कळस केला. माझ्या भाषणासाठी त्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती. आजवर त्यांनी माझ्यासाठी एकदाही शिफ्ट बदलली नव्हती, कारण मी कधी कुठे काही बोललेच नव्हते. त्या आनंदात त्यांनी पॅसेजमध्ये उभं राहून जाहीर केलं, “उद्या सगळ्यांनी यायचं बरं का! आपल्या सगळ्या खोल्यांबद्दल बोलणार आहे ती. कोण कुठे, सगळं सांगणार!”

पॅसेजमध्ये असं काही चिडीचूप झालं की टाकीत पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. मला वाटलं, केवढी उत्सुकता!

सकाळी गणवेश घालून निघाले, तर उषाकाकूंच्या दाराला कुलूप. सकाळी काकूंच्या दाराला कुलूप? डब्यांच्या वेळेला? तोरणही नव्हतं. नुसते दोन खिळे. पोळीचा वास नव्हता. खिडकीतून तोंड बांधलेली पोती दिसत होती. मी दोन खिळ्यांकडे बघत पुढे गेले. मनात म्हटलं, माझा मुद्दा कुठे गेला?

स्पर्धा दुसऱ्या एका शाळेच्या सभागृहात होती. माझा नंबर आला. आमच्या मॅडम बाहेर ज्वालामुखीच्या मॉडेलपाशी अडकल्या होत्या, तो वेळेआधीच फुटला होता. मी एकटी पायऱ्या चढले. माइक माझ्या कपाळापर्यंत होता. समोर पाहिलं, तर पहिल्या दोन रांगांत अख्खा पॅसेज! आई, बाबा, मधोमध आक्का नवी साडी नेसून, कडेला कदमकाका रात्रपाळीहून थेट, आणि उषाकाकू मांडीवर गाठोडं घेऊन.

सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, “नाव?”

मी नाव सांगितलं. माइक वर, मी खाली.

“जरा मोठ्याने. नाव काय?”

“भिऊ नगं मनीषा! बोल!” आक्का खालून गरजल्या.

“हां, मनीषा. करा सुरुवात,” सर म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

मी डोळे मिटले आणि फाटक उघडलं. आक्का खुर्चीवर. डोळे, कान, नाक, क्षणभर येतं आणि जातं… बोलले! पुढे निघाले. उषाकाकूंचं दार.

कुलूप.

दोन खिळे.

मुद्दा नाही! तव्यावरून पोळी उचलावी तसा कुणीतरी उचलून नेलेला. मी मनात त्या दारासमोर उभी. इकडे सभागृहात पंखे फिरतायत. बाबा श्वास रोखून बसलेले. आणि माझ्या तोंडून, माइकमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा अगदी स्पष्ट आवाजात निघालं,

“काकूंच्या दाराला कुलूप आहे.”

उषाकाकू गाठोड्यासकट उभ्या राहिल्या. “कुलूप लावू नको तर काय करू, माय? तूच म्हणलीस ना, उषाकाकू अल्पकालीन, इथं काही टिकत नाही! मोशीला खोली बघून आले सकाळीच. एवढीशी हाय, तवा ठेवला तर मला बाहेर उभं राहावं लागंल!”

आक्का गर्रकन वळल्या. “कोन अल्पकालीन? कुनी सांगितलं?”

“तुमच्याच मनीषानं! ह्यांचं घर तेवढं कायमचं. दिवाळीतच पक्कं झालंय. मापं घेऊन गेली ती माणसं काय उगी आली होती?”

“अगं बये, पॅसेजवर पत्रा टाकायचाय! पावसात तुजेच डबे भिजत्यात म्हनून! मी कशाला काढू कुनाला? तू गेलीस तर मला सकाळी गरम पोळी कोन देनार?”

सभागृहातले सगळे आमच्या दोन रांगांकडे वळून बसलेले. परीक्षकसुद्धा. बाबा कदमकाकांना हलवून विचारत होते, “अहो, कुठलं पक्कं म्हणत होता तुम्ही?” पण कदमकाका रात्रभर जागलेले. खुर्चीवरच घोरत होते.

आणि मी वर उभी. मला वाटलं, आता तरी बोलायला हवं. माझ्या भाषणासाठी नाही, काकूंच्या तव्यासाठी तरी! मी माइक खाली ओढला. तो किंचाळला. त्याच्याहून मोठ्याने मी ओरडले,

“काकू, तुम्ही नाही हो अल्पकालीन! तवा!”

आणि तवा म्हणताक्षणी सगळं आलं! पोळीचा वास, तोरण, मुद्दा, सगळं एकदम.

“डोक्यात एक तवा असतो,” मी म्हटलं. “त्यावर थोडंच मावतं आणि फार वेळ राहत नाही. डब्यात भरलं तर टिकतं. नाहीतर गेलं. माझ्या काकूंसारखं झपाट्याने डबे भरणारं कुणी पाहिजे. आणि भरल्यावर काय लागतं? झोप! ते बघा, कदमकाका. आपण झोपलो की मेंदू दिवसभराचा माल रॅकवर लावतो. आत्ता काका आळशीपणा करत नाहीयेत, त्यांची थर्ड शिफ्ट संपली आणि मेंदूची चालू झालीय!”

लोक हसले. कदमकाका दचकून जागे झाले आणि म्हणाले, “पक्कं झालं का?”

“झालं काका!” मी म्हटलं.

मग मी थांबलेच नाही. आमचं घर, बाबांचे पार्ट नंबर, मंडईतच राहून गेलेली कोथिंबीर. टाकीमागचा पसारा. मी समोर बोट दाखवायचे, तो माणूस उभा राहायचा आणि माझा पुढचा मुद्दा त्याच्या डोक्यावर बसलेला असायचा. शेवटच्या रांगेतली एक मुलगी कानावर हात ठेवून बसली होती. माझ्या आवाजाने! किती छान वाटलं म्हणून सांगू!

नंतर मॅडमना सगळं सांगितलं. ज्वालामुखीची राख त्यांच्या केसांत होती. मी विचारलं, “मॅडम, तोरण काढलं तर मुद्दा गेला. ‘तवा’ म्हटलं तर परत आला. मग तो होता कुठे? माझ्या डोक्यात की तोरणात?”

त्या हसल्या. “डोक्यातच. पण डोक्याच्या खोलीलाही खूण लागते दाराला. खूण गेली की आपण आपल्याच दारातून परत फिरतो.”

हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. मी रोज त्यावर विचार करते. काकूंनी तोरण पुन्हा लावलंय, आणि आता त्याखालून जाताना मला पोळीआधी अल्पकालीन स्मृतीच आठवते. पॅसेजवर पत्राही पडला.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र हातात आलं आणि आई म्हणाली, “अगं, हे काय? ‘कु. मनीषा’? सांगायचं नाही का तिथल्या तिथे?”

“सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“सरांना. पण हळू.”

बाबांनी तरीही ते फ्रेम करून दारासमोरच लावलं. आक्का मुद्दाम बघायला आल्या. मला वाटलं, चला, देवाने संधी दिली, आज सांगूनच टाकू. मी घसा खाकरला. आक्कांनी प्रमाणपत्र वाचायला मलाच लावलं. मी वाचलं, जसं लिहिलंय तसं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पॅसेजकडे बघून म्हणाल्या,

“बगा! समदे म्हनत व्हते, आक्काला आता आठवत न्हाई. आता सरकारी कागदावर हाय! ह्या खोलीतली पोर मनीषाच!”

मी फ्रेम सरळ केली, नाव तसंच राहू दिलं. कारण शास्त्राप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. आमच्या दाराच्या खुणेला त्यांनी मनीषाच अडकवलेली होती, आणि ती बिचारी इतकी वर्षं जागची हललेली नाही.

आता तुम्ही विचाराल, बाई गं, मग तुझं खरं नाव काय?

म्हणजे? सुरुवातीला सांगितलं नाही का मी?